बास्केटबॉल टीमचा ऑफेन्स-डिफेन्स सीझन टू सीझन कसा कंपेअर करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न (उदाहरणाला एनबीए या अमेरिकन लीगमधली गोल्डन स्टेट वॉरियर्स)

एका मॅचला सरासरी किती पॉइंट्स केले आणि किती खाल्ले, एवढं बघून चालत नाही का?

एकाच सीझनपुरतं कामचलाऊ म्हणून चालतं, पण दोन सीझन शेजारी ठेवले की लगेच गंडतं. १९९०-९१ ची डेन्व्हर नगेट्स घ्या. पॉल वेस्टहेड कोच होते, त्यांचा एकच हट्ट होता की बॉल हातात आला की पळायचं आणि जमेल तितक्या लवकर शॉट मारायचा, त्यामुळे टीमची सरासरी ११९.९ पॉइंट्स, अख्ख्या लीगमध्ये सर्वात जास्त. आता नुसता हा आकडा बघणारा म्हणेल काय जबरदस्त ऑफेन्स आहे, पण त्याच टीमने समोरच्यांना दर मॅचला १३०.८ दिले आणि ८२ पैकी ६२ मॅच हरली. आणि गंमत म्हणजे त्यांचा ऑफेन्स सुद्धा चांगला नव्हता, लीगच्या सरासरीपेक्षा खालीच होता, फक्त त्यांना मॅचमध्ये चान्सच इतके मिळायचे की पॉइंट्स साठत जायचे.

आपल्याकडे कसं, १९९६ च्या वनडेतले २५० आणि आजच्या वनडेतले २५० एकच आहेत असं कोणी म्हणत नाही ना, इथेही तेच धरा.

मग चान्स मोजायचे कसे? पझेशन म्हणजे नेमकं काय?

बॉल तुमच्या टीमच्या ताब्यात आला तिथपासून तो समोरच्यांकडे जाईपर्यंत एक पझेशन. शॉट बास्केटमध्ये गेला, किंवा शॉट चुकला आणि रिबाऊंड (चुकून परत उडालेला बॉल) समोरच्यांनी घेतला, किंवा शॉट न मारताच बॉल हातातून गेला (टर्नओव्हर), की पझेशन संपलं. शॉट चुकला पण रिबाऊंड तुमच्याच माणसाने उचलला तर नवीन पझेशन धरायचं नाही, जुनंच चालू राहतं. इथे बरेच जण चुकतात आणि मग ज्या टीमचे सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) आत घुसून रिबाऊंड काढतात त्यांचा ऑफेन्स उगाच कमी दिसतो.

प्रत्येक मॅच बघून मोजणं शक्य नसतं म्हणून बॉक्स स्कोअरवरून (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यावरून) अंदाज काढतात: एकूण शॉट्स, अधिक फ्री थ्रोच्या (फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) ०.४४ पट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाऊंड (स्वतःच्याच चुकलेल्या शॉटवर घेतलेले), अधिक टर्नओव्हर. समजा ८५ शॉट्स, २० फ्री थ्रो, १० ऑफेन्सिव्ह रिबाऊंड, १४ टर्नओव्हर. तर ८५ + ८.८ − १० + १४, म्हणजे ९७.८ पझेशन. त्यात ११० पॉइंट्स केले असतील तर १०० पझेशनला ११२.५.

०.४४ का, अर्धं का नाही? कारण सगळे फ्री थ्रो जोडीने येत नाहीत. बास्केट गेली आणि वर एक मिळाला, टेक्निकल फाऊलचा (गैरवर्तनाचा) एक मिळाला, थ्री (दुरून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारताना फाऊल झाला तर तीन मिळाले, हे सगळं धरून एनबीएमध्ये तो आकडा ०.४४ च्या आसपास बसतो.

ऑफेन्सिव्ह रेटिंग, डिफेन्सिव्ह रेटिंग, नेट रेटिंग?

१०० पझेशनमध्ये किती केले ते ऑफेन्सिव्ह, किती दिले ते डिफेन्सिव्ह, दोघांतला फरक नेट. डिफेन्सिव्हचा आकडा जितका कमी तितका चांगला, हे एकदा डोक्यात पक्कं करा कारण नवीन माणूस हमखास उलटं वाचतो.

पेसमुळे (एका मॅचमध्ये किती पझेशन होतात त्यामुळे) किती फरक पडतो त्याचं माझं आवडतं उदाहरण २००३-०४ चं आहे. त्या वर्षी सॅन अँटोनियो स्पर्स आणि डेट्रॉइट पिस्टन्स दोघांनीही समोरच्याला दर मॅचला बरोबर ८४.३ पॉइंट्स दिले. पॉइंट्सवर बघितलं तर टाय. पण पिस्टन्सच्या मॅच जास्त संथ चालायच्या म्हणून १०० पझेशनला स्पर्स ९४.१ आणि पिस्टन्स ९५.४. दोन्ही भयंकर आकडे आहेत, पण स्पर्स थोडे पुढे. टायटल मात्र पिस्टन्सनी नेलं, ते वेगळं.

ठीक आहे, मग दोन सीझनची रेटिंग्ज थेट शेजारी ठेवू का?

नाही! अजून एक स्टेप आहे आणि लोक नेमकी तीच खातात. त्या त्या सीझनची लीगची सरासरी वजा करायची. कारण लीग स्वतःच हलत असते, २००३-०४ मध्ये अख्ख्या लीगची सरासरी १०० पझेशनला १०२.९ होती आणि २०२२-२३ मध्ये ११४.८. म्हणजे २००४ साली ज्या आकड्यावर तुम्ही राजा होतात त्याच आकड्यावर २०२३ मध्ये तुमच्या कोचची नोकरी गेली असती.

वॉरियर्सचे आकडे खाली देतो. पहिला त्यांचा ऑफेन्स, दुसरा डिफेन्स, तिसरा त्या सीझनची लीग सरासरी, आणि शेवटी सरासरीपेक्षा ऑफेन्स किती वर आणि डिफेन्स किती चांगला:

२०१४-१५: १११.६, १०१.४, १०५.६ → ऑफेन्स +६.०, डिफेन्स +४.२
२०१५-१६: ११४.५, १०३.८, १०६.४ → +८.१, +२.६
२०१६-१७: ११५.६, १०४.०, १०८.८ → +६.८, +४.८
२०१७-१८: ११३.६, १०७.६, १०८.६ → +५.०, +१.०
२०१८-१९: ११५.९, १०९.५, ११०.४ → +५.५, +०.९
२०२१-२२: ११२.५, १०६.९, ११२.० → +०.५, +५.१

आता पहिले दोन आकडे झाकून फक्त शेवटची जोडी बघा, गोष्टच बदलते. कच्च्या आकड्यांत २०१८-१९ चा ऑफेन्स सगळ्यात भारी दिसतो, ११५.९. पण लीगशी ताडून बघितलं तर २०१५-१६ च्या तो जवळपासही नाही. आणि डिफेन्समध्ये तर पूर्ण उलटापालट आहे, २०२१-२२ चा १०६.९ हा २०१५-१६ च्या १०३.८ पेक्षा वाईट वाटतो, प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट चांगला होता.

केव्हिन ड्युरांट आल्यावर ऑफेन्स सुधारला की नाही?

यावर लोक अजून भांडतात. २०१६ च्या उन्हाळ्यात स्टार स्कोअरर ड्युरांट वॉरियर्सकडे आला, कच्चा आकडा ११४.५ वरून ११५.६ झाला, सगळे म्हणाले बघा. पण लीगही त्याच वर्षी २.४ ने वर गेली होती, म्हणून सरासरीच्या तुलनेत ऑफेन्स +८.१ चा +६.८ झाला, म्हणजे थोडा खालीच आला. सुधारला तो डिफेन्स, +२.६ चा +४.८.

माझं मत विचाराल तर यात ड्युरांटचा दोष काहीच नाही. २०१५-१६ मध्ये टीमचा स्टार शूटर स्टेफ करीने ४०२ थ्री बास्केटमध्ये घातले होते, तसं वर्ष पुन्हा धरून चालताच येत नाही. शिवाय ड्युरांट त्या सीझनला ६२ मॅचच खेळला. आणि जवळजवळ सात फुटी लांब हाताचा माणूस हॅरिसन बार्न्सच्या जागी आला की टीमचा मुख्य डिफेंडर ड्रेमंड ग्रीनच्या मागे रिम (बास्केटची रिंग) सांभाळायला अजून एक जण मिळतो, हे कुणी विचारातच घेतलं नव्हतं कारण सगळे शॉट्स मोजत बसले होते. प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना) १६-१ गेले, म्हणजे १६ जिंकल्या आणि एकच हरली, तेव्हा मग लक्षात आलं.

२०१५-१६ ची ७३-९ वाली टीम २०१४-१५ च्या ६७-१५ वाल्या टीमपेक्षा सहा मॅचने भारी होती ना?

रेकॉर्ड बुकात हो, खेळात तेवढी नाही. पॉइंट्सच्या फरकावरून किती मॅच जिंकायला हव्या होत्या हे काढायची एक पद्धत आहे, बेसबॉलमधून आली: केलेल्या पॉइंट्सचा १४ वा घात भागिले केलेल्यांचा आणि दिलेल्यांचा १४ वा घात यांची बेरीज. डॅरिल मोरी या आकडेतज्ज्ञाने बास्केटबॉलसाठी १३.९१ काढला होता, लोक सोयीसाठी १४ धरतात.

२०१४-१५ मध्ये केले ११०.०, दिले ९९.९. हिशोब येतो ६५ विजय.
२०१५-१६ मध्ये केले ११४.९, दिले १०४.१. हिशोब येतो परत ६५ च्या आसपास!

म्हणजे पहिल्या वर्षी हिशोबापेक्षा २ जास्त जिंकले आणि दुसऱ्या वर्षी ७-८ जास्त. क्लोज मॅच काढून नेल्या, त्यात करीसारखा फिनिशर असल्याचा भाग आहे आणि नशिबाचाही आहे, किती कशाचं ते वेगळं काढता येत नाही. २०१६-१७ ला ११५.९ विरुद्ध १०४.३, हिशोब ६७ आणि प्रत्यक्षातही ६७. तिन्हीतली सगळ्यात समतोल टीम हीच, असं मला तरी वाटतं, ७३-९ च्या फॅन्सनी रागवू नका.

२०१४ ला कोच म्हणून स्टीव्ह कर आला आणि सगळं बदललं असं म्हणतात. नक्की काय बदललं?

ऑफेन्स. आधीचा कोच मार्क जॅक्सनच्या शेवटच्या सीझनला, २०१३-१४ मध्ये, टीम ५१-३१ होती आणि डिफेन्स आधीच लीगमध्ये वरच्या पाचात होता. ऑफेन्स मात्र मधल्या फळीतला, बॉल एका बाजूला द्यायचा आणि वन-ऑन-वन खेळायचं. करने पासिंग आणि कट आणले, तेच मुख्य खेळाडू घेऊन ऑफेन्स एका वर्षात लीगमध्ये दुसरा आला, डिफेन्स पहिला. तुलना करताना कोच बदलला म्हणून सगळं श्रेय एकाला देऊन टाकायची घाई नको, त्या डिफेन्सचा पाया आधीच्या माणसाने घातला होता.

२०२२ चं टायटल करीमुळे का डिफेन्समुळे?

फायनल करीने जिंकून दिली, तिथपर्यंत डिफेन्सने नेलं. वरचे आकडे परत बघा, ऑफेन्स फक्त +०.५, म्हणजे अगदी साधारण. स्प्लॅश ब्रदर्सची (करी आणि क्ले थॉम्प्सन या शूटर जोडीची) टीम म्हणून जिला जग ओळखतं तिचा ऑफेन्स सरासरी! करीचा थ्रीचा टक्का ३८, त्याच्या तोपर्यंतच्या कुठल्याही पूर्ण सीझनपेक्षा कमी. क्ले थॉम्प्सन ९ जानेवारीला दुखापतींनंतर ९४१ दिवसांनी परत आला, त्याला लय सापडायला वेळ लागला. डिफेन्सची जबाबदारी त्या वर्षी माइक ब्राउनकडे होती आणि डिफेन्स बॉस्टनच्या जोडीने लीगमध्ये वरच्या दोनात. फायनलला हेच दोघे समोरासमोर आले हा योगायोग नाही.

पण इथे एक मेख आहे. ड्रेमंड ग्रीन त्या सीझनला ४६ मॅचच खेळला. क्ले परतला त्या मॅचला ड्रेमंड दुखापत असूनही फक्त मित्रासाठी स्टार्टिंग फाइव्हमध्ये उभा राहिला, टिप-ऑफ झाला, मुद्दाम फाऊल केला आणि ७ सेकंदांत बाहेर, त्यानंतर थेट मार्चमध्ये दिसला. तो असतानाचा डिफेन्स आणि नसतानाचा डिफेन्स या दोन वेगळ्या टीम होत्या, सीझनच्या एका आकड्यात त्या कालवल्या जातात. म्हणून आकडा महिन्यांनुसार फोडून बघायची सवय लावा.

लीगची सरासरी एवढी वर का गेली?

सगळ्यात मोठं कारण थ्री. २००३-०४ मध्ये एक टीम मॅचला साधारण १५ थ्रीचे प्रयत्न करायची (गेलेले आणि चुकलेले मिळून), २०१४-१५ ला २२, २०१८-१९ ला ३२, २०२३-२४ ला ३५. त्यात नियम: २००४-०५ पासून बाहेर बॉल घेतलेल्या खेळाडूला हाताने अडवण्यावर कडक शिट्टी वाजू लागली, २०१८-१९ पासून ऑफेन्सिव्ह रिबाऊंडनंतर शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) २४ ऐवजी १४ सेकंदांवर लावतात, म्हणून पेस वाढला, पण पेसने दर मॅचचे पॉइंट्स वाढतात, १०० पझेशनचे नाही. उलटं पण होतं, २०२१-२२ ला शॉटच्या नावाखाली डिफेंडरच्या अंगावर उडी मारून फाऊल मिळवायचे ते बंद केलं आणि लीगची सरासरी ११२.३ वरून ११२.० झाली, किंचित का होईना खाली.

लीगमधला नंबर बघितला तर काम सोपं नाही का होत?

होतं, पण नंबर फसवतो. पाचवा आणि बारावा यांच्यात कधीकधी एका पॉइंटचाही फरक नसतो आणि कधी पहिला दुसऱ्याच्या मैलभर पुढे असतो. नंबर गप्पांसाठी, फरक अभ्यासासाठी.

दोन वेबसाइट्सवर वेगळे आकडे दिसतात, खरे कुठले?

दोन्ही. बास्केटबॉल रेफरन्स फॉर्म्युल्याने अंदाज काढते (वरचे आकडे त्या हिशोबाचे आहेत), एनबीएची स्वतःची साइट पझेशन मोजते, क्लीनिंग द ग्लास निकाल लागून गेल्यावरची टाइमपास मिनिटं काढून टाकते. एक-दोन पॉइंट इकडे तिकडे होतात. एकच साइट पकडा आणि सगळे सीझन तिथूनच घ्या, एक सीझन इथून एक तिथून केलं की तुमचा निष्कर्ष कचऱ्यात.

डिफेन्सिव्ह रेटिंगवर कितपत विश्वास ठेवायचा?

ऑफेन्सिव्हपेक्षा कमी. समोरच्याचे फ्री थ्रो जाणं न जाणं तुमच्या हातात नसतंच, आणि समोरच्याचे थ्री किती टक्के जातात यातही नशीब बरंच असतं. टीमच्या हातात असतं ते किती थ्री मारू दिले, कुठून मारू दिले, रिमपाशी किती येऊ दिलं. एका सीझनला डिफेन्स अचानक तीन पॉइंटने सुधारला असेल तर आधी समोरच्यांचा थ्रीचा टक्का बघा, तो खूप खाली असेल तर पुढच्या वर्षी हा डिफेन्स परत जमिनीवर येण्याची शक्यता धरा.

ऑफेन्स बिघडला हे कळलं, पण का बिघडला ते कसं शोधू?

डीन ऑलिव्हर या आकडेतज्ज्ञाचे चार फॅक्टर. शूटिंग (थ्रीला दीडपट वजन देऊन काढलेला टक्का), टर्नओव्हर, ऑफेन्सिव्ह रिबाऊंड आणि फ्री थ्रोपर्यंत किती पोचता. महत्त्व साधारण ४०, २५, २०, १५ असं. डिफेन्सला हेच चार उलटे लावायचे. करच्या वॉरियर्सकडे बघाल तर जवळजवळ दरवर्षी एकच चित्र: शूटिंग आभाळात, टर्नओव्हर डोकेदुखी, फ्री थ्रो कमी. शूटिंग लीगच्या बरंच वर होतं तोपर्यंत सैल पास खपून गेले, २०२१-२२ ला शूटिंगची लीगवरची आघाडी बरीच कमी झाली आणि तेच टर्नओव्हर महाग पडायला लागले. खेळायची पद्धत बदलली नव्हती, चूक झाकणारा फॅक्टर दुबळा झाला होता.

२०१९-२० सारखा सीझन धरायचा का?

धरा पण शेजारी नोट लिहा. ड्युरांट ब्रुकलिनला गेला, क्ले बाहेर, करीचा हात ऑक्टोबरमध्येच मोडला, तो ५ मॅच खेळला. टीम १५-५०, ऑफेन्स लीगपेक्षा ५ ने खाली. कोव्हिडमुळे सीझन तिथेच थांबला, नंतर बाकी सीझन एका बंदिस्त जागी (बबलमध्ये) खेळवला तिथे वॉरियर्सना बोलावलंच नाही म्हणून ६५ मॅच. १९९८-९९ ला ५०, २०११-१२ ला ६६, २०२०-२१ ला ७२ मॅच होत्या, त्यामुळे एकूण पॉइंट्स, एकूण विजय असले आकडे या वर्षांसाठी वापरूच नका, १०० पझेशनवाले वापरा.

सरासरी अजून एक गोष्ट लपवते: २०२२-२३ ला वॉरियर्स घरी ३३-८ आणि बाहेर ११-३०. रेटिंग बघितलं तर साधारण बरी टीम. अशी टीम प्रत्यक्षात कुठेच नव्हती, घरी एक भारी टीम होती आणि बाहेर एक पडेल.

९६ चे शिकागो बुल्स आणि १६ चे वॉरियर्स, एकदाचं सांगून टाका.

आकड्यांवर बुल्स. १९९५-९६ ला ऑफेन्स ११५.२, डिफेन्स १०१.८, लीग १०७.६, म्हणजे +७.६ आणि +५.८. वॉरियर्सचे +८.१ आणि +२.६. ऑफेन्समध्ये वॉरियर्स थोडे पुढे, डिफेन्समध्ये बुल्स खूप पुढे. आता यावर म्हणणारे म्हणतात की त्या वर्षी टोरांटो आणि व्हॅंकुव्हर या नव्या टीम आल्या होत्या, लीग पातळ झाली होती, थ्रीची लाइन पण आदल्या वर्षापासून जवळ आणलेली होती. बरोबर आहे. सरासरीच्या किती वर हे गणित सांगतं, ती सरासरी किती दमदार होती हे ते सांगत नाही.

त्याहून मागे जायचं तर अडचण येते. १९७३-७४ च्या आधी ऑफेन्सिव्ह रिबाऊंडची वेगळी नोंदच नाही, त्यामुळे १९७१-७२ च्या ६९-१३ लेकर्सचं पझेशन नीट काढता येत नाही. त्यांच्यासाठी पॉइंट्सचा फरक वापरा, दर मॅचला +१२.३.

आमच्या कॉलेजच्या / क्लबच्या टीमसाठी हे करता येईल का?

येईल की, पण ऑफिशियल स्कोअरशीटवर भागत नाही. त्यावर गेलेले शॉट्स आणि फाऊल असतात, चुकलेले शॉट्स, रिबाऊंड, टर्नओव्हर काहीच नसतं. बेंचवर एका पोराला वही देऊन बसवा, प्रत्येक पझेशनला एक उभी रेघ, शेवट कसा झाला त्याचं एक अक्षर: गेला, चुकला, टर्नओव्हर, फ्री थ्रो. दोन्ही टीमची पझेशन जवळजवळ सारखीच यायला हवीत, पाच-सहाचा फरक आला तर पोरगं ऑफेन्सिव्ह रिबाऊंडला नवीन रेघ मारतंय असं समजा. मॅच ४० मिनिटांची असते, एनबीएची ४८, म्हणून दर मॅचचे आकडे त्यांच्याशी ताडू नका.

आणि लीग सरासरी? ज्या टूर्नामेंटला खेळलात तिथल्या बाकी मॅचची नोंद कुणाकडेच नसते, हीच खरी अडचण. मुंबईच्या नागपाड्यात (बास्केटबॉलच्या गडात) जाऊन खेळून आलात आणि तुमच्या तालुक्यात खेळलात, दोन्हीकडचा डिफेन्स एका तराजूत टाकता येणार नाही. त्यातल्या त्यात ज्या चार-पाच टीमशी दरवर्षी गाठ पडते तेवढ्याच मॅच काढून सीझन कंपेअर करा.

मुंबईत एनबीए खेळली होती त्या मॅच यात धरतात का?

नाही, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले ते प्रीसीझन होतं, कुठल्याच सीझनच्या रेटिंगमध्ये येत नाही. पहिली मॅच पेसर्सनी १३२-१३१ ने ओव्हरटाइमला जिंकली, म्हणजे त्यात पाच मिनिटं जास्तीची आहेत, पॉइंट्स बघून हुरळू नका. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आधी वॉरियर्समध्येच भागीदार होते. माइक ब्राउन २०२२ ला वॉरियर्स सोडून त्यांच्याकडे कोच म्हणून गेला, आणि डिफेन्सवाला म्हणून ओळखला जाणारा हा माणूस पहिल्याच वर्षी लीगचा पहिल्या नंबरचा ऑफेन्स आणि तळाकडचा डिफेन्स घेऊन ४८-३४ गेला, २००६ नंतर पहिल्यांदा किंग्ज प्लेऑफला, आणि तिथे पहिल्याच फेरीत समोर वॉरियर्सच. सातव्या, निर्णायक मॅचला करीने ५० पॉइंट्स केले.